सिनात्रा, बेनेट की एला? पहिला लाइव्ह अल्बम निवडताना

अमेरिकन ‘स्टँडर्ड्स’ म्हणजे साधारण १९२० ते ५०च्या दशकांत ब्रॉडवे आणि हॉलिवूडसाठी लिहिली गेलेली गाणी. गर्श्विन, कोल पोर्टर, अर्विंग बर्लिन ही त्यांच्या संगीतकारांतली ठळक नावं. ही गाणी गाणारे गायक तसे पॉपचेच, पण लयीशी खेळण्याची सवय त्यांनी जॅझकडून उचलली. स्टुडिओतले अल्बम ऐकून कान तयार झाला की माणूस लाइव्हकडे वळतो आणि तिथे अडकतो. तीच गाणी, तेच गायक, वर प्रत्येक मुखपृष्ठावर ‘ऐतिहासिक’ असा शिक्का. मग सुरुवात करायची कुठून?

तीन अल्बम समोर ठेवतो, फ्रँक सिनात्रा, टोनी बेनेट आणि एला फिट्झजेराल्ड यांचे. ‘सिनात्रा ॲट द सँड्स’ (१९६६), ‘एमटीव्ही अनप्लग्ड : टोनी बेनेट’ (१९९४) आणि ‘एला इन बर्लिन’ (१९६०). एलाला या पंगतीत बसवलं म्हणून कट्टर जॅझवाले नाक मुरडतील. मुरडोत. कोल पोर्टरपासून सुरू झालेली तिची ‘साँगबुक’ मालिका १९५६ची, आणि ही गाणी घरोघरी पोचवण्यात त्या मालिकेइतका वाटा क्वचितच कुणाचा असेल.

निवड करताना गायकाचं नाव बघू नका, साथ बघा. गळा कसा आहे ते स्टुडिओतल्या रेकॉर्डनी आधीच सांगितलेलं असतं. लाइव्हमध्ये नवं काय घडतं ते मागे कोण बसलंय आणि ते गायकाला किती मोकळं सोडतात यावर ठरतं. आपल्याकडे मैफलीची टेप ऐकताना तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे आधी विचारतात, ती सवय इथेही उपयोगी पडते.

सिनात्रापासून सुरुवात करू. जानेवारी-फेब्रुवारी १९६६, लास व्हेगासचं सँड्स हॉटेल, त्यातली कोपा रूम. सिनात्राने नुकतीच पन्नाशी ओलांडली होती आणि तोवर त्याचा एकही लाइव्ह अल्बम बाजारात आलेला नव्हता. मागे जॅझ पियानोवादक काउंट बेसीचा ऑर्केस्ट्रा, मांडणी (म्हणजे कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते लिहून देणं) आणि संचालन क्विन्सी जोन्सचं. बेसीबरोबर सिनात्राने त्याआधी स्टुडिओत दोन अल्बम केले होते, १९६२ आणि १९६४चे, आणि दुसऱ्याची मांडणी क्विन्सीचीच होती. त्यामुळे सँड्सच्या मंचावर येईपर्यंत ही मंडळी एकमेकांना पुरती ओळखून होती.

बेसीच्या बँडची खासियत अशी की तो कधी घाई करत नाही. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची फळी ओळ संपेपर्यंत दबा धरून बसते आणि मग एका फटक्यात उत्तर देते. ड्रमवर सॉनी पेन, खटकेबाज वादक. स्वतः बेसी पियानोवर दोन-तीन सूर टाकतो आणि गप्प बसतो, तरी सगळ्यांना कळतं की आता काय करायचं. अशी साथ असली की गायकाला दोनच वाटा उरतात, एक तर बँडखाली चिरडून जायचं, नाहीतर त्याच्यावर स्वार व्हायचं. सिनात्रा दुसरी वाट घेतो. ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ची १९५६ची स्टुडिओ आवृत्ती नेल्सन रिडलच्या मांडणीची, घडीव आणि निर्दोष. सँड्सवर तेच गाणं जरा रांगडं होतं. मधल्या वाद्यांच्या उसळीआधी तो बँडला ललकारतो आणि परत येतो तेव्हा शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवतो. हा ‘मागे राहण्याचा’ प्रकार नीट ऐका. ओळ कुठे तोडायची आणि कुठे एका दमात ओढायची हे तो चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये शिकला, डॉर्सीला ट्रॉम्बोनवर श्वास लांबवताना बघून.

पण माझ्या लेखी या अल्बमचं सोनं धडाक्यात नाही, शांत जागांत आहे. ‘वन फॉर माय बेबी’मध्ये बँड जवळजवळ नाहीसा होतो. उरतो बिल मिलरचा पियानो. मिलर पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून सिनात्राबरोबर होता. पहाटे बंद व्हायला आलेला बार, एक गिऱ्हाईक आणि बारवाला, एवढंच त्या गाण्याचं नाटक. खोलीतले ग्लास, खाकरणं, खुर्च्या सरकणं हे सगळं रेकॉर्डवर आहे, आणि इथे ते खपून जातं, कारण गाणंच मुळात बारमध्ये घडतं. ‘द सप्टेंबर ऑफ माय इयर्स’ आणि ‘इट वॉज अ व्हेरी गुड इयर’ ही गाणी वर्षभरापूर्वी व्हायोलिनांच्या ताफ्यासह स्टुडिओत झाली होती. इथे ती व्हायोलिनं नाहीत. त्यामुळे गाणी उघडी पडतात आणि आवाजातला खरखरीतपणा झाकायला काही उरत नाही. मला ती अशीच जास्त आवडतात.

आता अडचणीची बाजू. अल्बममध्ये ‘द टी ब्रेक’ नावाचा जवळजवळ बारा मिनिटांचा गप्पांचा तुकडा आहे. अल्बमच्या अगदी सुरुवातीला सिनात्रा विचारतो की एवढी माणसं माझ्या खोलीत शिरली कशी, तिथे हसू येतं. पण बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं. गायक मित्र डीन मार्टिनच्या दारूवरचे विनोद, मित्रमंडळींची थट्टा, त्यातली काही आज कानाला खुपते. पहिल्यांदा एकदा जरूर ऐका, कारण १९६६च्या व्हेगासमध्ये काय चालायचं ते त्यातून कळतं. याच व्हेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे हॉटेल-कॅसिनोंच्या रस्त्यावर, १९६०पर्यंत कृष्णवर्णीय कलाकारांना मंच मिळायचा, राहायला खोली मिळत नसे. हे ठाऊक असलं की बेसीचा बँड त्या खोलीत वाजतोय याचं वजन वेगळं जाणवतं. दुसऱ्या वेळेपासून तो तुकडा खुशाल पुढे सरकवा. सव्वा तासाच्या आसपासचा हा अल्बम त्याने आटोपशीर होतो.

बेनेटचं सगळंच उलटं. साल १९९४, वय सदुसष्ट. एमटीव्हीची ‘अनप्लग्ड’ मालिका तेव्हा रॉक बँडना गिटारचे अँप काढून बसवत होती. ‘निर्वाणा’ या रॉक बँडचं गाजलेलं सत्र त्याच्या काही महिने आधीच चित्रित झालेलं. त्या मंचावर टोनी बेनेट आला तेव्हा त्याच्याकडे काढून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. राल्फ शॅरनचा पियानो, डग रिचेसनचा बेस, क्लेटन कॅमेरॉनचे ड्रम, बास. कारभार मुलगा डॅनीकडे होता, आणि बापाला तरुण श्रोत्यांसमोर न्यायचं पण गाणी मात्र एकही बदलायची नाहीत हा त्याचा डाव नेमका बसला. १९९५च्या ग्रॅमीत एरिक क्लॅप्टन आणि थ्री टेनर्स यांना मागे टाकून हा ‘अल्बम ऑफ द इयर’ ठरला.

पुरस्कार बाजूला ठेवा, शॅरनकडे लक्ष द्या. तो बेनेटबरोबर १९५७पासून. मध्ये काही वर्षांची फारकत सोडली तर जन्माची साथ म्हणावी अशी. गायक कुठे थांबणार हे त्याला गायकाआधी कळतं. ‘इट अमेझेस मी’सारख्या फारसं न गाजलेल्या गाण्यात बघा. बेनेट एक ओळ बोलल्यासारखी टाकतो, शॅरन ती अधांतरी राहू देतो, लगेच भरून काढत नाही. अशा रिकाम्या जागा बेसीच्या सोळा-सतरा जणांना परवडत नाहीत. कॅमेरॉन बराच वेळ ब्रशवर वाजवतो, म्हणजे काठ्यांऐवजी तारांच्या कुंच्यांनी, आणि त्यातला सळसळता ठेका हेडफोनवर फार सुंदर लागतो.

गळा साठीपलीकडचा आहे हे लपत नाही. वरचे सूर कधी फाटतात. बेनेट त्यांच्याशी झगडत नाही, उलट शेवटच्या सुराआधी जरा दम खातो आणि मग तो पूर्ण ताकदीने फेकतो. तरुण गळ्याने हेच केलं असतं तर दिखाऊ वाटलं असतं. पाहुणे दोन. गायिका के. डी. लँगबरोबरचं ‘मूनग्लो’ अप्रतिम, दोघांनी एकमेकांना जागा देत गायलेलं. पुढे २००२मध्ये त्यांनी अख्खा अल्बम एकत्र केला यात नवल नाही. रॉक गायक एल्व्हिस कॉस्टेलोबरोबरचं ‘दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी’ मात्र मला अवघडल्यासारखं वाटतं. कॉस्टेलो आदराने इतका वाकलाय की लय हातातून निसटते. वीस तुकड्यांच्या अल्बममध्ये एवढं चालायचंच.

दोन्ही अल्बममध्ये समान असलेलं एक गाणं शेजारी शेजारी लावा, अर्ध्या तासात निकाल लागेल: ‘फ्लाय मी टू द मून’. बार्ट हॉवर्डने १९५४मध्ये लिहिलं तेव्हा त्याचं नाव ‘इन अदर वर्ड्स’ होतं आणि चाल वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांची. सँड्सवर क्विन्सी जोन्सच्या मांडणीत ते चार मात्रांत झुलत चालतं. बेस पावलं टाकतो, ब्रास (म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन) ओळीच्या टोकाला चिमटे काढतं आणि सिनात्रा चंद्र-गुरू-मंगळ अशी यादी करताना खिशात हात घालून फिरायला निघाल्यासारखा गातो. प्रेम वगैरे ठीक, खरी मजा फिरण्याची. बेनेट त्याच गाण्याला जवळजवळ थांबवतो. ठेका मागे हटतो, शॅरनचे कॉर्ड्स पसरतात आणि ‘वेगळ्या शब्दांत सांगायचं तर’ या अर्थाची ओळ येते तेव्हा वाटतं की आधीचे ग्रह-तारे ही नुसती टाळाटाळ होती, माणसाला खरं बोलायला धीर होत नव्हता. कागदावर दोघांचे शब्द सारखेच आहेत. यातलं कोणतं तुम्हाला लगेच पुन्हा लावावंसं वाटतं? तो अल्बम घ्या. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण तुम्हाला दोन्ही जरा जास्तच सराईत वाटले, तर एला.

१३ फेब्रुवारी १९६०, पश्चिम बर्लिन, डॉइचलांडहाले. नाझी काळात, १९३५मध्ये, खुद्द हिटलरच्या हस्ते उघडलेलं हे अवाढव्य सभागृह. बर्लिनची भिंत उभी राहायला अजून दीड वर्ष होतं. साथीला पॉल स्मिथचा पियानो, जिम हॉलची गिटार, विल्फ्रेड मिडलब्रुक्सचा बेस, गस जॉन्सनचे ड्रम. चार माणसं आणि हजारोंचा जमाव. कार्यक्रमात ‘मॅक द नाइफ’ येतं. मूळ गाणं कुर्ट वाइल आणि बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’तलं, त्याचा पहिला प्रयोग १९२८मध्ये याच बर्लिनमध्ये झाला. (हेच नाटक पु. लं.नी १९७८मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं.) वाइल ज्यू होता. १९३३मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली आणि त्याच्या संगीतावर नाझींनी बंदी घातली. तेच गाणं एक कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका त्या सभागृहात गाते हा इतिहासाने उगवलेला सूडच म्हणायचा, पण एला त्यातलं काही बोलत नाही. ती एवढंच म्हणते की हे गाणं बाईने गायलेलं आम्ही ऐकलेलं नाही, करून बघतो, शब्द आठवले म्हणजे मिळवली.

आणि शब्द आठवत नाहीत. काही कडवी नीट जातात, मग एक ओळ गायब. दुसरा कुणी थांबला असता, हसून माफी मागितली असती. एला थांबत नाही. पुढचं कडवं काय बरं होतं, हाच प्रश्न ती चालीत बसवून गाते. बॉबी डॅरिनने हे गाणं केलं, लुई आर्मस्ट्राँगने केलं आणि आता आम्ही त्याची वाट लावतोय, असं यमकात जुळवत जाते. मध्येच आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते. आता साथ ऐका. स्मिथ आणि मंडळी कुठेही दचकत नाहीत, ठेका तसूभरही हलत नाही, पट्टी चढत जाते आणि तिच्या पायाखाली जमीन घट्ट राहते. ती एवढी मोकाट सुटू शकते ते या चौघांच्या भरवशावर. बेसीच्या बँडबरोबर हे झालं नसतं, कारण तिथे प्रत्येकासमोर लिहिलेला कागद असतो आणि पुढचा फटका ठरलेल्या मात्रेवर येणारच असतो. या रेकॉर्डने एलाला दोन ग्रॅमी मिळवून दिले, एक या गाण्यासाठी, एक अल्बमसाठी.

अल्बमच्या शेवटी ‘हाऊ हाय द मून’ आहे. त्यात एक कडवं शब्दांचं, बाकी सगळं स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवर सुरावटी बांधत जाणं. सरगम आणि तराणा ऐकून वाढलेल्या कानाला याचं अप्रूप कमी आणि कौतुक जास्त वाटेल, कारण मधूनच दुसऱ्या गाण्यांच्या ओळी कशा चिमटीत पकडून आणल्यात ते लगेच कळतं. एक इशारा मात्र देतो. तुम्हाला गाण्याचे शब्द आणि त्यातली गोष्ट यातच रस असेल, तर हा तुकडा तुम्हाला थकवेल. एला गोष्ट सांगणारी गायिका नाही. ‘मिस्टी’ किंवा ‘द मॅन आय लव्ह’ ती सुरेख गाते, तरी त्या बाईचं पुढे काय झालं याची काळजी आपल्याला लागत नाही. सिनात्राच्या बारमधल्या माणसाची लागते.

ध्वनीचं बोलायचं तर तिन्ही नीट ऐकता येतात, पण वेगवेगळ्या साधनांवर. सँड्स स्पीकरवर, आणि शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तर मोठ्याने. ब्रासचा फटका हेडफोनवर बोचतो. बेनेट हेडफोनवर, रात्री. एलाची मूळ एलपी चाळीस मिनिटांच्या आसपासची. नंतरच्या सीडीत आणि स्ट्रीमिंगवर जादा गाणी सापडतात, ती आवृत्ती घ्या. स्ट्रीमिंगवर ऐकताना शफल आणि क्रॉसफेड दोन्ही बंद ठेवा, नाहीतर एका गाण्याच्या टाळ्या दुसऱ्याच्या सुरुवातीवर सांडतात. शिवाय सिनात्राच्या नावावर जुन्या रेडिओ कार्यक्रमांचे सुमार आवाजाचे संग्रह ढिगाने आहेत. अल्बमचं पूर्ण नाव आणि रिप्राइज हे लेबल बघूनच लावा. काळ्या तबकड्यांचा नाद असेल तर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६मध्ये बंद झाल्यापासून चोर बाजारातला शोध आणि ऑनलाइन दुकानं यांवरच बरीच मदार आहे. सँड्स हा दोन तबकड्यांचा संच आहे, तेव्हा जुना घेताना दोन्ही आत आहेत ना आणि दुसरी तिचीच आहे ना, हे काढून बघा.

एकच घ्यायचा असेल तर? इंग्रजी गाण्यांची फारशी सवय नसलेल्याला मी बेनेट देईन. शब्द सुटे, स्पष्ट, लय अंगावर न येणारी, गप्पांचा तुकडा नाही. हिंदी सिनेमातल्या पन्नास-साठच्या दशकांतल्या ब्रास सेक्शनवर ज्याचा जीव आहे त्याने सँड्सपासून सुरुवात करावी. त्या वाद्यवृंदांत गोव्याचे कितीतरी वादक असत आणि त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत हेच अमेरिकन बँड संगीत वाजवून हात बसवलेला होता, त्यामुळे बेसीचा आवाज अगदी परका वाटणार नाही. ख्याल किंवा नाट्यसंगीत ऐकणाऱ्याने थेट बर्लिन गाठावं. माझी स्वतःची निवड सँड्स. त्यातल्या बारा मिनिटांच्या चऱ्हाटासकट.

पुढच्या पायऱ्या थोडक्यात. सिनात्रा आवडला पण बँड जड वाटला, तर १९५९चं मेलबर्नचं ध्वनिमुद्रण ऐका. साथीला रेड नॉर्वोचा छोटा संच, त्याच्या व्हायब्राफोनमुळे (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) सगळं हलकं होतं आणि सिनात्रा इतका मोकळा क्वचितच कुठे सापडतो. ते बरीच वर्षं चोरट्या प्रतींतून फिरत होतं, ब्लू नोट कंपनीने १९९७मध्ये रीतसर काढलं. ध्वनी जेमतेम आहे, हे धरून चला. बेनेट आवडला तर त्याची कार्नेगी हॉलमधली ९ जून १९६२ची मैफल घ्या. वय पस्तीस, गळा पूर्ण भरात, ‘आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को’ नुकतंच बाजारात आलेलं आणि पियानोजवळ तेव्हाही राल्फ शॅरनच. घेताना १९९७ची ‘कम्प्लीट कॉन्सर्ट’ घ्या, मूळ एलपीत बरंच गाळलेलं होतं.

आणि बेनेट-बेसी ही जोडी बघून ‘इन पर्सन’ (१९५९) उचलायचा मोह होईल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की तो खऱ्या अर्थाने लाइव्ह नाही. फिलाडेल्फियातल्या क्लबमधलं मूळ मुद्रण मोनो होतं, कंपनीला स्टिरिओ हवं होतं, म्हणून गाणी स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतली आणि टाळ्या वरून चढवल्या. गाणं फक्कड आहे, बेसीचा बँडही. ऐकायला घ्या, फक्त स्टुडिओतला अल्बम समजून.